देवाच्या दिव्याला फ्यूज नसतो

अंकाच्या संपादकांचा निरोप असा आला: "सावंत, तुमच्या धंद्यातले गमतीदार किस्से लिहा. दिवाळीत लोकांना हसायला हवं." हसवतो थोडं. पुढचं ज्याला झेपेल त्यानेच वाचावं. आधीच सांगून ठेवतोय, मागून तक्रार चालणार नाही.

मी गाडीचा वायरमन. घराचा नाही, गाडीचा. हे सांगावं लागतं, कारण विरारला चंदनसारमध्ये राहायला आलो तेव्हा सोसायटीतल्या बायका मिक्सर आणि इस्त्र्या घेऊन माझ्या दारात उभ्या राहायच्या. माझं दुकान वसईत, बाजार संपून वाड्या सुरू होतात त्या रस्त्याला. पत्र्याची शेड, एक टेबल, बॅटरी चार्जर, भिंतीवर वायरींची भेंडोळी आणि मी. इंजिनवाल्या मिस्त्रीचे हात काळे असतात, आमचे हिरवे. तांब्याचा गंज हिरवा, आणि वसईची हवा खारी. समुद्राने मला तीस वर्षं पोसलं असं म्हटलं तरी चालेल.

आमचा धंदा सोपा आहे, लोक उगाच घाबरतात. घरात करंट एका वायरीने जातो आणि दुसरीने परत येतो. गाडीत न्यायला वायर असते, परत यायला गाडीचा पत्राच. त्याला आम्ही इंग्रजी शब्दाने अर्थ म्हणतो. पत्र्यावरचा अर्थचा बोल्ट गंजला की परतीची वाट बंद. मग करंट माणसासारखाच वागतो, हमरस्ता बंद दिसला की कोणाच्याही परसातून घुसतो. एका शाळामास्तरांची गाडी आली होती, दिवे लावले की वायपर सुरू व्हायचे. मास्तरांनी लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडले, एका बाबाला दाखवून आणलं. मी कानशीने एक बोल्ट घासला आणि आवळला. मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच त्यांना आजवर फसवत होतो. "एवढ्यासाठी मी तीन नारळ फोडले?" म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, खोबरं तरी फुकट गेलं नाही ना.

दुसरा आजार शॉर्टचा. नेणारी वायर कुठेतरी सोलली जाते आणि वाटेतच पत्र्याला टेकते. सगळा करंट तिथून धो धो पळतो, वायर तापून लाल होते. असं होऊ नये म्हणून फ्यूज. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा, बाकीचं वाचावं म्हणून आधी स्वतः जळणारी. हा शॉर्ट शोधायची माझी रीत अशी: फ्यूज काढायचा आणि त्या जागी मोठा बल्ब लावायचा. शॉर्ट असेपर्यंत बल्ब भकभकून पेटलेला राहतो. मग दिव्यांच्या, हॉर्नच्या वायरी एकेक करून सोडवायच्या, जुडगे हाताने हलवायचे. ज्या जागी बल्ब मंद होतो तिथे आपलं घोडं पेंड खातंय असं समजायचं. त्यात अक्कल कमी आणि चिकाटी जास्त लागते. ती माझ्यापाशी होती, हे मी आजही ताठ मानेने सांगेन.

आता देवाच्या दिव्याचं सांगतो. रिक्षा असो, टेम्पो असो, डॅशबोर्डवर देव हवा आणि देवापुढे बारका दिवा हवा. आमच्याकडे गणपती, साईबाबा, वाड्यांतल्या ख्रिस्ती लोकांकडे मारियामाता. हा दिवा चावी बंद असतानाही जळत राहायला हवा, तेव्हा त्याची वायर थेट बॅटरीवरून घ्यायची. सुरुवातीला मी नियमाने तिच्यात फ्यूज घालायचो. मग एकदा जूचंद्रचा एक टेम्पोवाला दुकानात आला तो हातात जॅकचा दांडा घेऊनच. त्याच्या देवाच्या दिव्याचा फ्यूज उडाला, दिवा विझला, आणि त्याच दिवशी टेम्पोचा स्प्रिंगचा पाटा तुटून माल रस्त्यावर आला. "तू देव विझवलास," म्हणाला. पाटा जुना होता, माल दुप्पट भरला होता, हे कोण ऐकतं? चार माणसांनी त्याला आवरलं. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला आणि देवाच्या दिव्याला फ्यूज लावणं सोडून दिलं. आमच्या लाइनीतले सगळेच तसं करत. एवढ्याशा बल्बला करंट तो किती लागणार, काय होतंय, असं आम्ही म्हणायचो. शेकडो दिवे लावले मी तसे. काही झालं नाही.

नव्वदीच्या मध्यावर केव्हातरी पास्कल माझ्याकडे आला. वसईतल्याच एका वाडीतला, माझ्याच वयाचा, मुंबईला एका कारखान्यात फिटर. त्याच्या म्हाताऱ्या मालकाच्या बंगल्यात एक इंग्लिश स्पोर्ट्स कार पडून होती. दोन दारांची, बुटकी, एकोणीसशे साठच्या आधीची. बंगला पाडायला निघाला तेव्हा मालकाने ती पास्कलला देऊन टाकली. पास्कलला गाडीचा शौक नव्हता. त्याचा धाकटा भाऊ नेल्सन गाड्यांसाठी वेडा होता. वडील लवकर गेलेले, या भावाला पास्कलनेच वाढवलेलं. त्याला सव्विसावं लागलं त्या वाढदिवसाला म्हणून पास्कलने ती गाडी टेम्पोवर चढवून घरी आणली.

इंजिन त्याने स्वतः सुरू केलं. वायरिंगपुढे मात्र हात टेकले आणि मला बोलावलं. केळीच्या वाडीत, विहिरीशेजारच्या पडवीत ती गाडी उभी होती. मी बॉनेट उघडलं आणि मला हसू आलं. आधीच्या कुणा शहाण्याने बॅटरी उलटी जोडली होती. आताच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस पत्र्याला जोडतात. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत प्लस पत्र्याला असायचा. हे ज्याला माहीत नाही तो आपल्या सवयीने जोडतो आणि गाडीचा डायनामो मारून ठेवतो. अख्ख्या गाडीला फ्यूज फक्त दोन. हेडलाइटला तर फ्यूजच नाही. वायरींवर रबर आणि त्यावर विणलेलं कापड, रंग उडून सगळ्याच मातकट झालेल्या.

चार रविवार लागले. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून नेल्सन थेट पडवीत यायचा, इस्त्रीच्या शर्टातच गाडीखाली घुसायचा. मी वायर हलवायची, त्याने समोर उभं राहून सांगायचं, "लागला. गेला. लागला." मधूनच विचारायचा, "सावंतदादा, एवढ्या वायरींतून तुम्हाला कळतं कसं?" मी म्हणायचो, कळत नाही बाबा, एकेक करून खोट्या ठरवत जायच्या, उरते ती खरी. चौथ्या रविवारी डावा हेडलाइट एकदाचा टिकला. नेल्सनने मला तिथेच मिठी मारली. आजवर एवढ्या गाड्या केल्या, गिऱ्हाइकाने मिठी मारली ती ही एकदाच.

ती गाडी मी मन लावून केली होती. जुन्या वायरींचे जुडगे उलगडले, सोललेली प्रत्येक जागा बांधली, वर काळी टेप गुंडाळली. मी डावरा. माझी टेप इतरांच्या उलट दिशेने चढते, दुसऱ्या मिस्त्रीला लगेच कळतं की इथे सावंतचा हात लागलाय. मला त्याचा अभिमान होता.

निघताना त्यांची आई बाहेर आली. मार्थामावशी. घरात ती माणसं आपल्या बोलीत बोलत, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. तिने पदराखालून मारियामातेची वीतभर मूर्ती काढली. "मिस्त्री, ही पुढे बसव. आणि हिच्यापुढे दिवा लाव. कधी विझायचा नाही असा."

नेल्सन कुरकुरला, "आई, ही स्पोर्ट्स कार आहे, टेम्पो नाही."

"मग स्पोर्ट्स कारमधल्याला आई नसते?" मावशी म्हणाली.

पास्कल हसला. मी झोळीतून लाल प्लास्टिकची नवी वायर काढली. अॅमीटरच्या मागून, जिथे कायम करंट असतो तिथून, ती घेतली, डॅशबोर्डच्या पत्र्याला भोक पाडून मूर्तीपर्यंत नेली, आणि दिसायला सुबक दिसावी म्हणून हेडलाइटच्या जुडग्याला चिकटवून टेप मारली. फ्यूज लावला नाही. भोकात रबरी चकती घालायची असते, पत्र्याची धार वायरीला लागू नये म्हणून. ती झोळीत नव्हती. पुढच्या खेपेला घालू म्हटलं. पुढची खेप झालीच नाही. दिवा लागला, मावशीने क्रूसाची खूण केली, माझ्या हातात केळ्यांची फणी दिली.

तीन वर्षं गाडी छान चालली. मग नाताळच्या आधीच्या एका संध्याकाळी, सातच्या सुमाराला, नेल्सन एका बाप्तिस्म्याच्या जेवणाहून परत येत होता. वाड्यांमधला अरुंद रस्ता, वळणावर चिंचेचं झाड. गाडी वळली नाही. मागून सायकलने येणाऱ्या माणसाने सांगितलं की वळणाच्या अलीकडे गाडीचे दिवे एकदम गेले. पण ते कोणी ऐकलं नाही. जेवणात दारू होती, नेल्सनने ग्लास घेतला होता, हे शंभर जणांनी पाहिलेलं. पंचनाम्यात भरधाव वेग लिहिला गेला. गावाने त्यापुढे एक शब्द जोडला, बेवडा.

दफनाला मी गेलो. पास्कल दगडासारखा उभा होता. मावशी एका जागी बसून नुसती हलत होती, येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "माझा पोरगा पिऊन मेला का?" लोक मान खाली घालत. कोणी एक म्हातारा तिच्या देखत म्हणाला, "पिणाऱ्याच्या हातात असली गाडी द्यावी का?" तिचा चेहरा मी बघू शकलो नाही.

आठवड्याने पास्कल दुकानात आला. "आई म्हणते, सायकलवाला दिवे गेले म्हणतो तर सावंतला दाखवा. तो सांगेल दिवे गेले होते की नाही. उद्या येतोस?"

मी गेलो. चेपलेली गाडी पुन्हा त्याच पडवीत आणून टाकली होती. मावशी दारात खुर्चीवर, पास्कल आत खिडकीशी. मी डॅशबोर्डखाली टॉर्च मारला आणि फार शोधावं लागलं नाही. वर्षानुवर्षं हादरून हादरून त्या भोकाच्या धारेने लाल वायर कापली होती. तांबं पत्र्याला टेकलेलं, टोकाला वितळून झालेला मण्यासारखा गोळा. फ्यूज असता तर तो उडाला असता आणि फक्त मारियामातेपुढचा दिवा गेला असता. फ्यूज नव्हता. ती बारीक वायर तुटायच्या आधी निखाऱ्यासारखी तापली आणि चिकटवलेल्या हेडलाइटच्या वायरी घेऊनच गेली. जळलेल्या जुडग्यावर टेपचे काळे वेढे उरले होते. उलट दिशेचे.

डॅशबोर्डखाली उताणा पडून मी किती वेळ होतो, मला आठवत नाही. मग माझ्या हाताने ती लाल वायर ओढून काढली आणि खिशात घातली. मी ठरवलं नव्हतं. हाताने ते केलं आणि मी करू दिलं, एवढंच खरं.

बाहेर आलो. मावशी उठून उभी राहिली.

"मावशी, दिवे गेले होते," मी म्हटलं. "एका क्षणात सगळे गेले. त्याला रस्ताच दिसला नसणार. तो शुद्धीत असता काय आणि नसता काय, कोणालाही वळता आलं नसतं."

तिने माझे दोन्ही हात धरले. ती रडली, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच रडली असं पास्कलने मला नंतर सांगितलं. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "कशाने गेले?"

या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या खिशात होतं. मी म्हणालो, "वायर जुनी होती मावशी. चाळीस वर्षांची कापडी वायर. कधीतरी जळणारच."

खोटं बोलताना माणूस पुढचं बघत नाही. माझ्या डोक्यात होतं की जुन्या गाडीचं नाव घेतलं की कोणावरच येत नाही. सुंठीवाचून खोकला गेला. पण मावशीने मान वळवून खिडकीतल्या पास्कलकडे पाहिलं. गाडी कोणी आणली होती? ती त्याला शांतपणे म्हणाली, "तू आणलीस ही म्हातारी गाडी." तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. तीन पावलांवर उभा होतो मी. झोळी उचलली आणि निघालो.

त्यानंतर मावशी पास्कलशी बोलली नाही. नेल्सनच्या महिन्याच्या मिस्सेला आलेल्या लोकांना तिनेच सांगितलं की माझा पोरगा बेवडा नव्हता, त्याच्या भावाने त्याला मरणाची गाडी आणून दिली. गावाला काय, एक शब्द गेला, दुसरा मिळाला. पास्कल त्याच घरात राहायचा, कामावर जायचा, आईची औषधं आणायचा. त्याची बायको ताट वाढून द्यायची तर मावशी जेवायची, त्याने पुढे केलेलं पाणी घ्यायची नाही. हे मला बाजारात कळायचं. पास्कल रस्त्यात भेटला की मी वायर शोधत असल्यासारखा खाली बघायचो. चोराच्या मनात चांदणं.

मी एवढंच केलं की त्या दिवसापासून देवाच्या प्रत्येक दिव्याला फ्यूज लावला. गिऱ्हाइकं भांडली, दुसरीकडे गेली, जाऊ दिली. जुने लावलेले दिवेही बोलावून बोलावून बदलले. लोकांना वाटायचं, सावंतला वेड लागलंय. पास्कलच्या घरी जाऊन चार वाक्यं बोलण्यापेक्षा हे सोपं होतं, म्हणून केलं. त्याला प्रायश्चित्त वगैरे म्हणायची माझी लायकी नाही.

आठ वर्षांनी मावशी गेली. तिच्या सातव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, मी पास्कलच्या घरी गेलो. पडवीत तो एकटाच बसला होता, केस पार पांढरे झालेले. मी बसलोही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाल वायर, भोक, चकती, फ्यूज, खिसा. त्याने मारलं असतं तर मी मार खाल्ला असता, आणि खरं सांगतो, मला तो हवा होता.

पास्कल म्हणाला, "मला ठाऊक आहे."

"कसं?" मी विचारलं.

"तू यायच्या आदल्या दिवशी मी बघून घेतलं होतं. फिटर आहे मी, सावंत. मातकट कापडी वायरींत एकच लाल वायर, तीही धारेवर कापलेली. आणि दुसऱ्या दिवशी तू ती खिशात घातलीस तेही खिडकीतून बघितलं."

"मग बोलला का नाहीस? आठ वर्षं?"

"दिवा कोणी लावायला सांगितला होता?" तो म्हणाला. "तुझं नाव घेतलं असतं तर दिव्याचं निघालं असतं. आईला कळलं असतं की तिच्याच दिव्याने नेल्सन गेला. फ्यूज आणि चकती तिला काय समजणार? तू येणार त्याच्या आदल्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. तू खरं सांगशील अशी भीती होती. जुनी वायर म्हणालास तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा वाटलं, ठीक आहे, हे मला उचलता येईल. तिला ते आलं नसतं."

मी खाली बसलो. मी आठ वर्षं समजत होतो की पास्कल माझ्या खोट्याखाली चिरडला गेला. तो त्या खोट्याला खांदा देऊन उभा होता, आणि मी माझी कातडी वाचवण्यासाठी जे बोललो ते त्याने आईसाठी वापरून घेतलं होतं.

शेवटी मी म्हणालो, "पास्कल, मी फ्यूज लावायला हवा होता."

तो नाही म्हणेल, जाऊ दे म्हणेल, असं मला वाटलं होतं. माणसं म्हणतात तसं.

"हो," पास्कल म्हणाला. "लावायला हवा होतास."